ब्लड कॅन्सरमध्ये भावाबहिणीच्या पेशी कशा कामी येतात

अक्यूट ल्युकेमियाचं, म्हणजे वेगानं वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरचं निदान झालं की दोन कामं एकाच वेळी सुरू व्हायला हवीत. पहिलं केमोचं. ते लगेच होतं, कारण थांबायला वेळच नसतो. दुसरं काम म्हणजे सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे त्यांच्या पेशी पेशंटशी जुळतात का ते बघणं. हे मागे पडतं. ‘आधी पेशंट केमोतून उठू दे, मग बघू’ असं घरात ठरतं आणि आजार उलटल्यावर धावपळ सुरू होते. तोवर ट्रान्सप्लांटची, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाला देण्याची, सगळ्यात चांगली वेळ निघून गेलेली असते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: ज्यांना ट्रान्सप्लांट लागू शकतं, त्यांच्या भावंडांचं रक्त पहिल्या पंधरवड्यातच तपासायला गेलं पाहिजे.

कोणाला ते लागतं, हे आजाराच्या जातीवर अवलंबून आहे. हाडांच्या पोकळीतला लालसर मऊ गर म्हणजे बोन मॅरो. तिथल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, आयुष्यभर रक्त तयार करत राहतात. अक्यूट ल्युकेमियात अर्धवट वाढलेल्या पेशी, ज्यांना डॉक्टर ब्लास्ट म्हणतात, तिथे माजतात. निरोगी मॅरोत त्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असतात. २० टक्क्यांच्या पुढे गेल्या की बहुतेक वेळा अक्यूट ल्युकेमिया म्हणतात. केमोनंतर मॅरो पुन्हा तपासतात आणि ब्लास्ट ५ टक्क्यांखाली आले, रक्ताचं काम सुरळीत सुरू झालं, की ‘रेमिशन’ आलं असं सांगतात. घरी पेढे वाटले जातात. पण निदानाच्या वेळी अंगात साधारण एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसत असतानाही त्यातल्या शेकडो कोटी उरलेल्या असू शकतात. म्हणून रेमिशननंतर पुढचा उपचार ठरवावाच लागतो.

एपीएल नावाचा प्रकार (जुन्या भाषेत एम-३) ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिक या दोन औषधांनी बहुतेकांचा कायमचा बरा होतो. पहिल्या रेमिशनमध्ये त्याला ट्रान्सप्लांट लागत नाही. लहान लेकरांचा एएलएल हा प्रकारही बहुतेक वेळा अडीच-तीन वर्षांच्या केमोनंच बरा होतो. मोठ्या माणसांच्या एएमएल या प्रकारात गुणसूत्रांचे आणि जनुकांचे रिपोर्ट बघावे लागतात. काही बदल सौम्य असतात, तिथे केमो पुरते. फ्लिट-थ्री, पी-५३ या जनुकांतले किंवा गुंतागुंतीचे गुणसूत्र-बदल असले, किंवा केमोनंतर एमआरडी नावाच्या बारीक तपासणीत आजार दिसत राहिला, तर ट्रान्सप्लांटचा विचार होतो. एकदा उलटलेल्या आजारात तर बहुतेक वेळा होतोच. म्हणून पहिल्या मॅरो तपासणीच्या वेळीच सायटोजेनेटिक्स आणि मॉलेक्युलर, म्हणजे गुणसूत्रांच्या आणि जनुकांच्या तपासणीचं सँपल गेलं का, हे विचारून घ्या. केमो सुरू झाल्यावर ते सँपल पुन्हा मिळत नाही.

इलाज करतात त्या दात्याच्या पेशी

‘खराब मॅरो काढून चांगला बसवतात’ ही समजूत घराघरात आहे. तसं काही होत नाही. यात चिरफाड नाही, टाके नाहीत. जोरदार केमोनं रुग्णाचा मॅरो रिकामा करतात आणि दात्याच्या पेशी सलाईनसारख्या शिरेतून देतात. त्या रक्तातून फिरून आपोआप हाडांत जाऊन रुजतात.

मग आजार बरा कशानं होतो? बरीच वर्षं डॉक्टरांनाही वाटायचं की जोरदार केमो आणि रेडिएशननं. पण जुळ्या भावंडांनी कोडं टाकलं. हुबेहूब जुळ्या भावाचा मॅरो दिला की त्रास कमी व्हायचा, पण आजार जास्त वेळा उलटायचा. साध्या भावंडाचा दिला की त्रास व्हायचा, पण आजार कमी उलटायचा. म्हणजे दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या अंगातल्या उरल्यासुरल्या ल्युकेमिया पेशींना परक्या म्हणून ओळखतात आणि मारतात. हीच या उपचाराची खरी ताकद. याच पेशी रुग्णाची कातडी, आतडी आणि लिव्हर यांनाही परकं समजून त्यांच्यावर उठू शकतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. ट्रान्सप्लांटनंतरचं सगळं औषधपाणी या दोन गोष्टींचा तोल सांभाळण्यासाठी असतं.

भारतात हा उपचार नवा नाही. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ९ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाचा मॅरो देण्यात आला. तिला एएमएल होता.

जुळणी: घरात कोण, घराबाहेर कोण

एचएलए म्हणजे पेशींवरची ओळखखूण. तिचा रक्तगटाशी संबंध नाही. ओ पॉझिटिव्ह बहीण बी पॉझिटिव्ह भावाला पेशी देऊ शकते. या खुणांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एका गठ्ठ्यात असतात आणि गठ्ठाच्या गठ्ठा पुढच्या पिढीत जातो. वडिलांकडचे दोन गठ्ठे १ आणि २, आईकडचे ३ आणि ४ धरा. लेकराला १-३, १-४, २-३ किंवा २-४ यांतली एक जोडी मिळते. म्हणून एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असली तर त्यांतलं किमान एक जुळण्याची शक्यता ४४ टक्के, तीन असली तर ५८. आईवडील आणि पोटची लेकरं किमान निम्मी जुळतातच.

आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे, काही घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं. आईवडील नात्यातले असतील तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, संकोच नको. अशा घरात कधीकधी आई किंवा वडीलच पूर्ण जुळतात, चुलत-मामे भावंडांतही दाता सापडू शकतो.

तपासणीला थोडं रक्त किंवा गालाच्या आतल्या बाजूचा कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना पुरतो. भावंडं पुण्याला कंपनीत आणि बहीण अंबाजोगाईला सासरी असली, तरी सगळ्यांनी एका गावी जमायची गरज नसते. लॅबकडून किट मागवता येतं.

घरात पूर्ण जुळणी नसेल तर दोन वाटा. एक, रजिस्ट्री. चेन्नईची दात्री, बेंगळुरूची डीकेएमएस यांसारख्या संस्था स्वेच्छेने नोंद केलेल्या दात्यांची यादी ठेवतात. जगभरच्या याद्यांत ४ कोटींहून जास्त नावं आहेत, पण भारतीय वंशाचे दाते त्यात लोकसंख्येच्या मानानं फार थोडे, आणि एचएलए वंशानुसार जुळतं. कॉलेजात कॅम्प असेल तेव्हा १८ ते २५ वयाच्या मुलांनी गालाचा नमुना द्यावा, ही मनापासूनची विनंती. दुसरी वाट म्हणजे हॅप्लो, निम्म्या जुळणीचं ट्रान्सप्लांट. पेशी दिल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइडचा मोठा डोस, वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम, देतात. रुग्णाच्या अंगावर उठलेल्या प्रतिकारपेशी तेव्हा वेगानं वाढत असतात, त्या मरतात. मूळपेशींकडे हे औषध निकामी करणारं एन्झाइम असतं, त्या वाचतात. या युक्तीमुळे ‘दाताच नाही’ असं म्हणण्याची वेळ आता फार थोड्यांवर येते.

हॅप्लोत एक अडचण आधीच बघावी लागते. रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध अँटिबॉडी असतील तर पेशी न रुजण्याचा धोका वाढतो. अशा अँटिबॉडी बाळंतपणांमुळे किंवा खूप वेळा रक्त चढवल्यामुळे तयार होतात. म्हणून केमो चालू असताना भाऊ, बहीण, आई, वडील यांच्या रक्ताची किंवा प्लेटलेटची पिशवी थेट रुग्णाला चढवू नये. ब्लड बँकेत बदली रक्तदान त्यांनी जरूर करावं, पिशवी मात्र दुसऱ्या कोणाची घ्यावी. नात्यातल्या रक्तात आणखी मोठा धोका असतो: त्यातल्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या अंगात टिकून जीवघेणा हल्ला करू शकतात. रेडिएशन दिलेली, म्हणजे इरॅडिएटेड पिशवी त्यासाठीच मागतात.

दात्याला काय करावं लागतं

इथे घरात सगळ्यात जास्त भीती असते. लग्न झालेली बहीण जुळली की सासरची माणसं विचारतात, ‘हिच्या पाठीच्या कण्याला तर काही होणार नाही ना? पुढं लेकरं होतील ना?’ प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर मिळालं पाहिजे. कण्याला हात लावला जात नाही. आज बहुतेक वेळा पेशी हाताच्या शिरेतून घेतात. चार-पाच दिवस जी-सीएसएफचं इंजेक्शन त्वचेखाली देतात, वजनाच्या दर किलोला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या दात्याला रोज ३०० मायक्रोग्रॅमच्या दोन सिरिंज. मूळपेशी मॅरोतून रक्तात उतरतात. कंबर, मांड्या, पाठ ठणकतात, डोकं दुखतं. पॅरासिटामॉलनं आराम पडतो आणि इंजेक्शन थांबल्यावर दोन-तीन दिवसांत ठणका जातो. पाचव्या दिवशी मशीनला जोडतात. एका हातातून रक्त जातं, मशीन मूळपेशी वेगळ्या करतं, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. चार-पाच तास लागतात. मधेच ओठांना मुंग्या येतात, कारण रक्त गोठू नये म्हणून वापरलेलं सायट्रेट कॅल्शियम खाली आणतं. सिस्टरला लगेच सांगा, कॅल्शियम दिलं की थांबतं. ६० किलोच्या रुग्णासाठी साधारण ३० कोटी मूळपेशी लागतात. पहिल्या दिवशी कमी पडल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं.

दात्याचा मॅरो काही आठवड्यांत पूर्ववत होतो, मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होत नाही. बहीण गरोदर असेल तर मात्र तिला दाता करत नाहीत. अंगावर पाजत असेल तर आधी सांगावं.

वॉर्डातले चार-पाच आठवडे

ट्रान्सप्लांटची खोली साधी नसते. हेपा फिल्टरमधून गाळलेली हवा आत येते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत शिरत नाही. छातीवर हिकमन लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी घालतात. मग चार ते आठ दिवस कंडिशनिंगची, म्हणजे मॅरो रिकामा करणारी केमो. बुसल्फाननं झटका येऊ शकतो म्हणून आधीपासून फिट्सची गोळी. सायक्लोफॉस्फामाइडनं लघवीत रक्त येऊ शकतं म्हणून भरपूर सलाईन आणि मेस्ना. मेल्फालाननं तोंड सोलवटतं म्हणून औषध चढत असताना तोंडात बर्फ चघळायला देतात. मूल होण्याची क्षमता बहुतेकांची या टप्प्यात जाते. तरुण मुलाचं वीर्य गोठवून ठेवायचं असेल तर ते पहिल्या केमोच्याही आधी. हा विषय घरात कोणी काढत नाही. डॉक्टरांनी नाही काढला तर तुम्ही काढा.

पेशी देण्याच्या दिवसाला ‘डे झिरो’ म्हणतात. सिस्टर एक पिशवी घेऊन येतात. लालसर, रक्ताच्या पिशवीपेक्षा थोडी पातळ दिसणारी. दोघीजणी मिळून नाव, नंबर, रक्तगट वाचून ताडून बघतात, मग ती हिकमन लाईनला जोडतात. फिल्टर लावत नाहीत, कारण त्यात मूळपेशीच अडकतील. तासाभरात पिशवी रिकामी होते, आणि तळाशी राहिलेल्या पेशीही वाया जाऊ नयेत म्हणून पिशवीत थोडं सलाईन सोडून ती खळबळून घेतात. बस, एवढंच. व्हिडिओ कॉलवर बघणारे नातेवाईक विचारतात, ‘झालं?’ झालं. अवघड ते इथून पुढे.

पुढचे दोन-तीन आठवडे पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात. ताप येतोच. तोंड आलेलं असतं, थुंकी गिळता येत नाही, काहींना मॉर्फिन लागतं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या असं धरतात. भावंडाच्या रक्तातून घेतलेल्या पेशींना साधारण १२ ते १८ दिवस, हॅप्लोत थोडे जास्त. क्वचित पेशी रुजतच नाहीत आणि दुसऱ्यांदा द्याव्या लागतात. वजन अचानक वाढणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं, ही लिव्हरच्या बारीक शिरा बंद पडत असल्याची खूण असू शकते. म्हणून तिथे रोज सकाळी वजन करतात. ते टाळू नका.

शंभर दिवस, आणि नंतरचं घर

सुट्टी मिळाली म्हणजे गावी जायचं नसतं. पहिले शंभर दिवस रुग्णालयापासून तासाभराच्या आत राहावं लागतं, कारण जीव्हीएचडी आणि सीएमव्ही व्हायरस याच काळात डोकं वर काढतात. मुंबई, नवी मुंबई, पुणे किंवा हैदराबादला खोली घेण्याचा खर्च आधीच धरा. भावंडाकडून होणाऱ्या ट्रान्सप्लांटला खासगी रुग्णालयात साधारण १० ते १५ लाख लागतात, हॅप्लोला त्याहून बरेच जास्त. खोली, रोजची औषधं आणि बुडालेली मजुरी त्याच्यावर. मदतीचे अर्ज, मग तो मुख्यमंत्री सहायता निधी असो, पंतप्रधान निधी असो की ट्रस्ट, ॲडमिशनच्या आधी करावे लागतात; रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून खर्चाचं पत्रक घ्या. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. देवगिरी किंवा नंदिग्रामनं यायचं तर रिझर्व्हेशन करूनच. जनरल डब्यात या रुग्णाला बसवू नका.

जीव्हीएचडीची सुरुवात बऱ्याचदा तळहात, तळपाय आणि कानांवर होते: लाली, खाज, चुरचुर. रुग्णाच्या हाताचा पंजा म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. पुरळ किती पंजे पसरलं हे फोनवर सांगता आलं तर डॉक्टरांना अंदाज येतो. जुलाब लागले तर किती वेळा यापेक्षा किती मिलिलिटर, हे महत्त्वाचं. मोजायचं भांडं ठेवा. दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर गेलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून देऊ नका, कारण जंतुसंसर्ग आहे की जीव्हीएचडी हे तपासल्याशिवाय कळत नाही आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत.

सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या जीव्हीएचडी आवरणाऱ्या गोळीची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण बघतात त्या दिवशी हमखास एक चूक होते. रुग्ण सकाळची गोळी घेऊनच येतो. लेव्हल खोटी जास्त दिसते, डोस कमी होतो आणि आठवड्यात जीव्हीएचडी उसळतो. त्या सकाळी गोळी खिशात ठेवा, रक्त द्या, मग तिथेच घ्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट या औषधाची लेव्हल वाढवतात, ते बंद. गावातल्या डॉक्टरांना सांगा की डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अमिकासिन, क्लॅरिथ्रोमायसिन हे ट्रान्सप्लांट टीमला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. पहिली तिन्ही या गोळीसोबत किडनी बिघडवतात, चौथं लेव्हल चढवतं. हे एका कागदावर लिहून, टीमचा फोन नंबर टाकून, पाकिटात ठेवा.

गावी परतण्याआधी घर तयार करावं लागतं. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवला असेल तर तो आधी हलवा. दमट कापसात आणि कडब्यात ॲस्परजिलस ही बुरशी वाढते आणि तिचे कण श्वासातून गेले की न्यूमोनिया होतो. सोयाबीनची रास, मळणीयंत्र, गोठा, शेणाचं सारवण, घराचं बांधकाम यांपासून वर्षभर लांब. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तुरटी फिरवून किंवा क्लोरीन टाकून भागत नाही, कारण काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत. खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा, झाकून थंड करा, तोटीच्या भांड्यात ठेवा. माठात ग्लास बुडवायचा नाही. तव्यावरची गरम भाकरी, पिठलं, येसर घालून चांगली उकळलेली आमटी, सगळं चालतं. कच्चा कांदा, ठेचा, लोणचं, घरचं दही-ताक, वरून पेरलेली कोथिंबीर नाही. जालन्याची मोसंबी धुऊन घरी सोलून खा, रसवंतीवरचा रस नको. उन्हानंही कातडीचा जीव्हीएचडी चाळवतो, म्हणून बाहेर जायचं ते सकाळी किंवा सांजेला, पूर्ण बाह्यांत.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की ती इमर्जन्सी. आधी मोजा, मग पॅरासिटामॉल. शिरेतलं अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं, म्हणून मुंबईची गाडी पकडू नका; जवळच्या मोठ्या रुग्णालयात ब्लड कल्चर घेऊन पहिला डोस द्यायला सांगा, तिथूनच टीमला फोन करा.

गुण किती येतो? पहिल्या रेमिशनमध्ये भावंडाकडून ट्रान्सप्लांट झालेल्या मोठ्यांपैकी साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त दीर्घकाळ बरे राहतात. आजार अंगात असतानाच केलं तर हे प्रमाण बरंच खाली येतं. उपचाराच्या गुंतागुंतीनंच दगावणारेही असतात, आणि हे सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना कळलेलं असावं. आजार उलटायचा तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. म्हणून रक्तात दात्याच्या पेशी किती टक्के आहेत हे ठरावीक अंतरानं तपासतात. टक्का घसरू लागला तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध लवकर कमी करणं किंवा दात्याच्या प्रतिकारपेशी पुन्हा देणं हे मार्ग असतात.

लहानपणीच्या लसींचं संरक्षण बहुतांश पुसलं जातं. सहा महिने ते वर्षानंतर त्या नव्यानं सुरू होतात. गोवरसारख्या जिवंत लसी दोन वर्षांनंतर, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद असतील तरच. आणि रक्तगट दात्याचा होतो. पाकिटातल्या जुन्या कार्डावरचं, गाडीच्या लायसन्सवरचं ‘बी पॉझिटिव्ह’ आता चुकीचं असू शकतं. नवा रक्तगट आणि ‘फक्त इरॅडिएटेड रक्त’ असं लिहिलेलं कार्ड रुग्णालयातून मागून घ्या आणि ते कायम जवळ ठेवा.